दीड इंच

माझ्या वहीत तिचं खरं नाव आहे:
रोसेंदा पागाद्वान, गाव नार्वाकान,
छाती बत्तीस, कंबर चोवीस, उधारी चाळीस पेसो.
सेंडा रे हे नाव रेकॉर्ड कंपनीनं नंतर शिवलं,
आणि ते तिला शेवटपर्यंत जरा सैलच झालं.

मनिलात, किआपोच्या चर्चमागे माझं दुकान.
शेजारी मेणबत्त्या आणि मुळ्या-साली विकणाऱ्या बाया.
एक मशीन, एक आरसा,
तिसरं गिऱ्हाईक आलं तर त्यानं पायरीवर थांबायचं.
ती आली ती टेबलफॅन घेऊन, खोक्यासकट.
गावच्या जत्रेत गाऊन जिंकलेला.
म्हणाली, हा ठेवा, आणि मला निळा गाऊन द्या.

मी टेप लावली. म्हटलं, श्वास घे.
तिनं घेतला,
आणि बरगड्या अशा उघडल्या
की टेप माझ्या बोटांतून निसटली.

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गाऊनला
काखेखाली दीड इंच जास्त सोडत आलो.
शेवटच्या कडव्याआधी सूर चढतो ना,
तिथं लागणारं कापड.

हळवं गाणं म्हणजे काय, मला विचाराल तर
तीन मिनिटं चाळीस सेकंद
एक बाई दारात उभी राहते
आणि जात नाही.

पंचवीस सेंटाव्हो टाकले की जूकबॉक्समध्ये ती उभी राहायची:
बसथांब्यावर, न्हाव्याकडे, बंदरातल्या खाणावळीत.
हमाल घास हातात धरून थांबायचे.
नर्सा परदेशी निघाल्या, बॅगेत सुकी मासळी आणि तिची कॅसेट.
तिनं लग्न केलं ड्रमरशी.
तो तालाला पक्का होता, घराला नाही.

मग ओसाका.
सहा महिन्यांचा करार नऊ वर्षं चालला.
मापं पत्रानं यायची, सेंटिमीटरमध्ये,
मी रात्री दिव्याखाली त्यांचे इंच करायचो.
कंबर अठ्ठावीस. कंबर तीस.
एकदा नुसत्या दोन ओळी:
या वेळी बाह्या मनगटापर्यंत कर.
का, ते विचारू नकोस.
मी विचारलं नाही.
शिंप्यानं विचारायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं.
आता वाटत नाही.

घशात गाठी झाल्या, कापल्या.
तीन महिने ती पाटीवर खडूनं लिहून भांडायची.
आवाज परत आला तो
पहिल्या धुण्यात आटलेल्या सुती कापडासारखा.
तिनं तोच घातला, लग्नांत, बारशांत,
एका नगरपालिकेच्या पुलाच्या उद्घाटनात.

मागच्या मे महिन्यात
शेजारच्या अंगणात कुणाचा तरी वाढदिवस,
भाड्यानं आणलेलं व्हिडिओके.
पोरांनी तिचंच गाणं लावलं, माइक तिच्या हातात दिला.
गाणं संपलं. पडद्यावर गुण आले: एकाहत्तर.
सगळे खाली बघू लागले.
मग मासळीवालीची मुलगी मारिलो तेच गाणं नाकातून गायली.
अठ्ठ्याण्णव. मशीननं तुतारी वाजवली.
सेंडा इतकी हसली की तिला ठसका लागला.
मशीन खरं बोलतंय, म्हणाली,
मी हे गाणं कधी वेळेवर गायलेच नाही.

दुसऱ्या दिवशी ती तोच निळा गाऊन घेऊन आली,
मागे मारिलो, केस ओले, चपला हातात.
हिच्या मापाचा कर.
मी शिवण उसवली.
बाहेरचा निळा पार राखेसारखा झालेला,
पण आत, दुमडीत, दीड इंच
दुकानातून काल आणल्यासारखा.
आम्ही दोघंही बघत राहिलो.

मुलीला टेप लावली. म्हटलं, श्वास घे.
ती अजून खांद्यांनी श्वास घेते.
एवढ्या जागेचं ही काय करणार, मी म्हटलं, कापून टाकू?
सेंडा पायरीवर बसून शेंगदाणे सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
दुमडून ठेव.
आणि गुरुवारच्या आत दे,
तिची जहाजावर चाचणी आहे.