नवव्या दिवशी

सारेमा बेटावर आर्वो फेरीबोट चालवायचा.
धुकं दिसण्याआधीच भोंगा दाबायची सवय;
उतारू हसायचे.

त्याच्या रक्ताची नळी तार्तूला आली आहे.
हेलवे आकडे बघते.
इंटरफेरॉन चढलं ते नवव्या दिवशी.
वरातीमागून घोडं.

पहिल्या रात्री नाकातल्या एका पेशीत
कुणीतरी चोरपावलांनी शिरलं,
पडद्याआड बसून आपलीच अक्षरं
उतरवत राहिलं.
पहारेकरी जागे होते.
त्यांच्या तोंडावर हात होता.

मग सगळेच धावले, शूर, आंधळे,
साप निघून गेल्यावरही
त्याच्याच फुप्फुसांची भुई धोपटत.

हेलवे नळी उणे ऐंशीत ठेवते.
लेबलवर नाव नाही, वय आहे, चौसष्ट.
खिडकीबाहेर एमायोगी नदीवरचा बर्फ तडकतोय,
दरवर्षीसारखा,
वेळेवर.