बिल्ला नंबर ४१२

मोडी वाचायचे हंचाटे मास्तर
पानाला साठ रुपये घेतात.
मिलच्या हजेरीबुकात त्यांचं बोट थांबलं:
नरसू. सांचा खातं. बिल्ला ४१२.
बापाचं नाव...
चष्मा पुसला. पुढं नुसती रेघ.

रेघेचेही साठच.

घरात आम्ही तेलुगू. पद्मशाली.
पण पणजोबा झोपेत कन्नड बरळायचा,
हे सांगताना आत्या
आधी दार लोटून घ्यायची.

पोरीनं पुण्याहून नळी पाठवली.
विड्यांचं सूप बाजूला सारलं, चूळ भरली,
थुंकले त्यात. हसलेही.
दोन महिन्यांनी टक्के आले, रंगीत गोल आले,
आणि इंडीकडची कुणी निंगव्वा,
तिच्याही नातवानं अशीच नळी भरून घेतलेली.

तिचा फोन आला.
आमचं एक पोर, म्हणाली, दुष्काळात
खडी फोडायला सोलापूरला गेलं ते गेलंच.
नाव?
एवढ्या पोरांत नाव कोण ध्यानात ठेवतंय, बाई.

मग तिनंच विचारलं, नी यार मगळू?
कुणाची लेक तू?
एवढं कन्नड विडी कारखान्यात सगळ्यांनाच येतं.

कमरेची किल्ली चाचपली.
तिच्यासोबत ओवलेलं पितळ, झिजून गुळगुळीत,
आकडे अजून बोटाला लागतात.

म्हटलं, चारशे बाराची.