कर्मणी प्रयोग

हडर्सफील्डच्या या शाळेत माझा सातवा आठवडा.
गळ्यातल्या पट्ट्याला ओळखपत्र:
एन. बिडकर, शिकाऊ शिक्षक, विज्ञान.
चालताना ते आपोआप उलटं होतं
आणि मी सरळ करत नाही.

मिसेस हिंचक्लिफनी पहिल्याच दिवशी विचारलं,
फळ्यावर नावाआधी काय लिहू?
मिस, मिस्टर, की ते नवीन, मिक्स?
मला आठवली खानावळीतली मिक्स भाजी,
फ्लॉवर, गाजर, मटार आणि कुठला तरी रस्सा.
हसू आलं. त्यांना वाटलं, रडू.
ड्रॉवरमधून बिस्कीट काढून दिलं
आणि नुसतं बिडकर लिहिलं.
सगळे "बिड-कार" म्हणतात, मोटारीसारखं.

शिक्षकांच्या स्वच्छतागृहाला दोन दारं.
तिसऱ्याची किल्ली केअरटेकर ग्लिनकडे.
आत कमोड, बादली, दोन मॉप
आणि वर्षभर तिथेच उभं प्लास्टिकचं नाताळचं झाड.
त्याच्यासमोर मी म्हणून पाहिलं:
मी शिकवते.
मी शिकवतो.
मी शिकवतं. लेकरू शिकवतं, पाखरू शिकवतं, तसं.
झाडावरचा एक चकचकीत गोळा हलला.
बाकी काही नाही.

इंग्रजीत बरं असतं. "आय" म्हणायचं,
एक काठी उभी करायची आणि तिच्यामागे लपायचं.
मराठीत तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं.
म्हणून आईच्या फोनवर
मी कर्मणी प्रयोगाचा आसरा घेतला.
मी वह्या तपासल्या. मी भात लावला. मी पाठ घेतला.
क्रियापद वह्यांच्या मागे जातं, भाताच्या मागे जातं,
माझ्याकडे कुणी बघत नाही.
गेलो-गेले, आलो-आले मात्र टाळायचं.
तीन वर्षं आईच्या लेखी
माझं कुठे जाणं नाही, कुठून येणं नाही.

काल निरीक्षणाचा तास. सातवी, विद्युत परिपथ.
मिसेस हिंचक्लिफ मागे, मांडीवर टिपणवही.
सगळ्यांचे दिवे लागले, एक टेबल सोडून.
कॅलम ब्रूक हात वर करून ओरडला,
"मम, आमचा पेटत नाही!"
वर्ग फुटला.
कान लाल करून तो घाईघाईत म्हणाला,
"सॉरी, डॅड."
मग तर बाकं वाजली.
तो मान खाली घालून बसला. त्याला कसं सांगू,
दोन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही.
मी क्लिप पाहिली. गंजलेली.
सँडपेपर दिला, घास म्हटलं.
दिवा लागला, मिणमिणता,
सेलही अर्धाच उरला होता.

शेरा असा: साहित्य आधी तपासावे.
आवाज अजून मोठा हवा.
आवाज सध्या फुटतोय माझा,
सातवीतल्या पोरांच्या बरोबरीने.

चारलाच अंधार. बसस्टॉपवर आईचा फोन.
इचलकरंजीत जेवणं उरकलेली, मागे टीव्ही.
"सर्दी झालीय का? घोगरं ऐकू येतंय."
"हवा," मी म्हटलं.
ती गप्प. मग, "जेवण झालं का?"

पूर्वी विचारायची, जेवलीस का.
मी मागचे फोन आठवून पाहिले.
दिवाळीत: फराळ मिळाला का?
त्याआधी: पगार सुरू झाला का, खोली बरी आहे का?
किती महिने झाले असतील,
तिच्याही वाक्यांत नुसता भात, फराळ, पगार, खोली.

"उद्या काय शिकवणार?"

हे "शिकवणार" कुठून शोधून काढलं तिने,
सातवीत शाळा सुटलेल्या बाईने?

"चुंबक," मी म्हटलं. "चुंबक शिकवीन."
बस आली. पट्टा दारात अडकला.
"स्वेटर घालून जा," ती म्हणाली.