सुऱ्यांची नावं

बुधवारी साडेसहाला, ग्रिम्सबीत,
लायब्ररीच्या मागच्या खोलीत
आम्ही नऊ प्रौढ माणसं
पोरांच्या खुर्च्यांत गुडघे दुमडून बसतो.
मी हात दोनदा धुतो, लिंबू चोळून,
पण आत शिरतो तेव्हा
हॅडॉकचा वास माझ्याआधीच येऊन बसलेला असतो.
तसं म्हणालो, तर मिस अडेयेमी वळल्या :
थांबा नॉर्मन, आत्ता बोललात ना, त्याला नाव आहे.
आणि लिहिलं : पर्सॉनिफिकेशन.
शब्द इतका लांब की फळ्याच्या कडेला
त्याची शेपटी खाली वळवावी लागली.

म्हणजे एक्कावन्न वर्षं मी
बिननावाचं हत्यार वापरत होतो.
कारखान्यात हे चालत नाही.
तिथे सोलायची सुरी वेगळी, काटा काढायची वेगळी,
आणि भलतीच उचललीत
तर फोरमन तुमच्या आईचा उद्धार करतो.

सिमिली सोपी निघाली.
बापाच्या तोंडी दिवसभर तीच असायची :
चहा कसा, तर डबक्यासारखा.
मी कसा, तर ओल्या फडक्यासारखा.
मेटाफर म्हणजे फक्त ‘सारखा’ गाळायचा.
शेवटी शेवटी बाप ‘सारखा’ गाळू लागला होता.
तो पुढच्या धड्यावर गेलाय
हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

हायपरबोलीला रूताने हरकत घेतली.
ती आमच्याच पॅकिंगला, लिथुआनियाची.
हे खोटंच ना? मग खोटं म्हणा.
मिस म्हणाल्या, खोटं फसवायला असतं,
इथे ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.
रूताने वहीत काही लिहिलं, दोनदा खोडलं.

सहाव्या आठवड्यात निवेदक आला.
प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी,
आणि मग एक निराळाच :
अनरिलायबल नॅरेटर.
गोष्ट तोच सांगतो,
पण त्याच्यावर विसंबायचं नाही.
डावा हात खिशात होता,
तो मी खिशातच राहू दिला.

करंगळीशेजारच्या बोटाला टोक नाही माझ्या.
त्याची गोष्ट सत्तावीस वर्षं सांगतोय,
पबमध्ये, मॉरीनला, विम्याच्या माणसाला,
नातीला तर झोपताना, आवाज काढून :
टेरी ओग्लबीने मशीनचा गार्ड उघडा टाकला,
मी वाकलो, आणि खट्.
‘खट्’लासुद्धा नाव आहे,
स्पेलिंग अजून जमत नाही.
मला भरपाई मिळाली.
टेरीला सोमवारी काढलं.

टेरी तेव्हा बर्फ आणायला गेला होता.
गार्ड मीच काढला. शनिवार होता,
तीनला मॅच होती.

गृहपाठ : स्वतःची एक आठवण, शंभर शब्द.
‘मी वाकलो’पर्यंत पेन आपोआप गेलं,
त्याला रस्ता पाठ आहे.
मग सगळे ‘मी’ खोडले, ‘तो’ केले.
त्याने गार्ड काढला. तो वाकला.
‘तो’चं बरं असतं. त्याला बायको नाही,
फ्रीमन स्ट्रीटवर त्याला टेरी भेटत नाही,
ट्रॉली ढकलत, मान हलवून
‘बरं आहे ना नॉर्म’ विचारणारा.

मिसने समासात हिरव्या शाईने लिहिलं :
छान. वाक्यं सुरीसारखी. ही काय, ओळखा.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात :
गोष्ट इथेच संपते?
मी म्हणालो, एकशे चार शब्द झाले होते,
मर्यादा शंभरची.
त्या हसल्या नाहीत.

टेरीचा नंबर मॉरीनच्या वहीत आहे.
फोन केलाच, तर पहिलं वाक्य
कुठल्या पुरुषात सुरू करायचं,
तेवढं पुढच्या बुधवारी विचारून घेईन.