बारा दिवस

पत्र इंग्रजीत, दोन पानी.
मयुरीनं मनात वाचलं, मग एकच वाक्य मोठ्यानं:
आजार आधीपासून होता, तुम्ही लपवलात.

दोन लाख अठरा हजार.
मी दूध उतरवलं
आणि म्हटलं, पहिल्यापासून वाच.

डिस्चार्ज कार्डावर चौथ्या ओळीत सापडलं,
शिकाऊ डॉक्टरचं तिरकं अक्षर:
छातीत दुखणं, एक वर्षापासून.
पॉलिसी आठ महिन्यांची.

रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत
तो पोरगा विचारत होता, यावागिंद? यावागिंद?
भरमाचे ओठ निळे.
कधीपासून म्हणून काय सांगू,
आबांच्या वर्षश्राद्धापासून, म्हटलं मी.
वर्ष त्याच्याही भाषेत वर्षच.
श्राद्धसुद्धा आहे, खरं ते गोंगाटात खाली पडलं.

आता पिशवी जमिनीवर उपडी केलीय.
आधारवर भरमाण्णा, पॉलिसीत ब्रह्मन्ना,
दोघे एकच, त्याचा स्टॅम्पपेपर वेगळा.
फौंड्रीचं हजेरीपुस्तक: श्राद्धाच्या सुट्टीपर्यंत एक खाडा नाही.
किराण्याची चिठ्ठी, सहा फेब्रुवारी:
उडीद, गूळ, तांदूळ दहा किलो,
मागं भरमाच्या हातचं, पत्रावळ्या शंभर.
त्या दिवशी पाण्याचं पिंप त्यानं एकट्यानं आणलं होतं.
दुपारी म्हणाला, वडा बाधला काय की.
अठराला ॲडमिट.

आबांचा मृत्यूदाखला मात्र सतरा तारखेचा.
कंपनी इथंच धरणार, मयुरी म्हणाली.
म्हणून कडोलीच्या गुरुजींकडून लिहून आणलं,
माघ वद्य पंचमी, सहीसकट.
ते चष्मा पुसत म्हणाले,
तिथी इन्शुरन्सला लागते हे आजच कळलं.

दाखला कानडीत.
कानडी फॉर्मावर सही नको म्हणून
आबा रेशनच्या रांगेतून घरी यायचे, रिकामी पिशवी हलवत.
ईरण्णा झेरॉक्सवाला त्याचं इंग्रजी करतोय, ओळीवर बोट ठेवून.
पैसे नको म्हणाला.
अज्जा भांडायचे माझ्याशी, खरं चहा त्यांचाच असायचा.

आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग बेंगळुरूचा लोकपाल,
असं मयुरीनं वहीत लिहिलंय.
त्याआधी हुबळी.
तो पोरगा तिथं बदलून गेलाय,
फोनवर म्हणाला, रविवारी या, बघतो.
त्याच्या 'बघतो'चं वजन मला माहीत नाही.

भिंतीकडं तोंड करून भरमा विचारतो,
आणि त्यानं नाही लिहून दिलं तर?

मी कोपऱ्यात आकडे घालतेय.
एकोणीस नंबरला आबा.
कागद पातळ आहे, पेन जपून टेकवते.