पन्नासची लेन्स

चोडणच्या फेरीवर मी साखळी धरतो, फळी सोडतो.
दिवसातून चाळीस वेळा तीच नदी.
थंडीत पक्षी बघणारे येतात,
मागच्या सीटवर लेकरासारखी झोपवलेली
तोफेएवढी लेन्स घेऊन.
एकाने एकदा मला डोळा लावू दिला.
पलीकडे खारफुटीत खंड्या बसला होता,
त्याच्या चोचीवरचं पाणी दिसलं.
रात्री सुलक्षाला सांगितलं.
ती म्हणाली, असणारच पाणी, नदी आहे.

सोळा महिने भिशी भरली.
मेहुणा उल्हास मस्कतहून याद्या पाठवायचा:
ही बॉडी, इतके मेगापिक्सल,
जवळची-लांबची दोन लेन्सचा संच,
आणि मेलास तरी जुनं घेऊ नकोस.
मी सगळं डिझेलच्या वहीत उतरवलं.
सुलक्षाने वही वाचली. एवढ्यात फ्रीज येतो, म्हणाली,
आणि वही जागेवर ठेवली.

शुक्रवारी म्हापसा.
चपलांच्या ओळीमागे क्रिस्पिनबाबचं दुकान.
पस्तीस वर्षं लग्नं काढली त्याने,
आता गुडघे नाही म्हणतात.
चष्मा कपाळावर नेऊन त्याने यादी वाचली
आणि दुकानदाराने विचारू नये ते विचारलं:
"फोटो कोणाचे काढणार?"
पक्ष्यांचे, म्हणालो. दुसरं काही सुचेना.
"पक्ष्यांना तुझे पैसे पुरायचे नाहीत."

मग एक जुनी लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली.
काचेच्या आत पांढरी, कोळ्याच्या धाग्यासारखी बुरशी.
"गोंयांत चोराला नको, हिला भी.
कपाटात बल्ब पेटता ठेव.
तांदळाच्या डब्यात ठेवशील तर पीठ आत जातं."

दुसरी स्वच्छ होती. पन्नासची. चिकूएवढी.
फिरवली तरी काहीच जवळ येईना.
"मग जवळ कसं आणायचं?"
"पाय कशाला दिलेत देवाने?"
बाब, म्हणालो, मी फेरीवर असतो.
चार पावलांवर कठडा, पाचव्याला मांडवी.
तो गप्प झाला.
असलं गिऱ्हाईक त्याला पहिलंच.

हिशेबाने झूमच बरोबर होती.
दारात उभं राहून तिने चॉरिसवालीला ओढलं.
आली ती, कानातल्या सोन्यासकट,
आणि तिला पत्ता नाही.
मला उगाच चोरासारखं झालं.
पन्नासने बघायला रस्ता ओलांडावा लागला.
"किदें जाय?" तिने विचारलं.
आमच्या घरी कोणी खात नाही,
तरी एक माळ घेतली.
मग ती पदर सारखा करून बसली,
आणि मी काढला तो फोटो हलला.

माळ क्रिस्पिनबाबने ठेवून घेतली
आणि पिशवीचे पैसे लावले नाहीत.
बॉडी वापरलेली, शटर एकवीस हजार वेळा पडलेलं.
"लग्नातली आहे," तो म्हणाला,
"फक्त चांगल्या वेळा पाहिल्यात हिने."
मग जरा थांबून: "बहुतेक."

आता पलीकडचा धक्का दिसू लागला की
मी डोळा लावून उभा राहतो.
मी हलत नाही, फेरी हलते.
माणसं आपसूक मोठी होत येतात:
आधी हेल्मेट, मग पावाची पिशवी, मग कपाळ.
चेहरा बरोबर जागेवर येतो
नेमका तेव्हा सारंग हाक मारतो, फळी!
त्यामुळे माझ्याकडचे बहुतेक लोक
एक क्षण आधीचे आहेत, जरा लांब,
अजून कोणाकडेच न बघणारे.
काहींत तर माणूस धूसर
आणि कठड्याचा नट लख्ख, गंजासकट.
उल्हास विचारतो, खंड्या कुठाय?

बल्बच्या कपाटात सुलक्षाने
परवा मिठाची बरणी ठेवली, काल पापड.
तिथे सादळत नाही, म्हणते.
लेन्स काढताना
आधी पापड उचलावे लागतात.