प्रमाण एकास पन्नास

सोमवार पेठेत, नागझरीच्या अलीकडे
सात घरं खांद्याला खांदा लावून उभी,
फोटोसाठी दामटून उभी केलेली भावंडं जशी.
पाचव्यानं पोट आत घेतलेलं नाही.

मला त्यांचे नकाशे काढायचेत.
पाडायच्या आधी कागदावर हवीत, असं पत्र आहे.
'आधी'खाली कुणीतरी पेनानं रेघ मारलीय.

पहिल्या दिवशी हिशेब जुळेना.
आतून मोजलेली सात घरं, अधिक आठ भिंती,
आणि बाहेरून ताणलेली एक सलग टेप :
अडीच इंच कमी.
मॅडम, एखादी भिंत दोनदा धरली असेल, तौफिक म्हणाला.
दुसऱ्या दिवशी सुतळी बांधली,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
तर चौथं घर सुतळीपासून दोन हात मागे.
ओळ सरळ नाहीच. ती वळते,
खाडीकाठानं घरं वळत जावीत तशी.
इथं खाडी नाही. समोर पिठाची गिरणी आहे.

बांधणारा दानियेल झिराडकर, अलिबागेकडचा मेस्त्री,
शनिवारी थापीला हात लावायचा नाही.
जन्मभर किनाऱ्यावर घरं बांधलेली,
म्हणून इथंही तीच बांधली :
तोंड पश्चिमेला,
खिडक्यांना दुहेरी झडपा, खारा वारा अडवायला,
सज्जाच्या कठड्याला डांबर, होडीला देतात तसं,
आणि दारांना लोखंड नाही, तांब्याचे खिळे.
जोतं पाच पायऱ्यांचं.
पेठेतली माणसं मुद्दाम बघायला यायची.
"मेस्त्री, भरती किती वाजता?"
तो थापी धूत राहायचा.

घाट चढून जो वारा इथवर पोचतो
त्यात मीठ उरत नाही.
पण चुना त्यानं तिकडूनच मागवला, शिंपल्यांचा.
सहाव्या घरात जिन्याखालचा पोपडा खरवडला
तर भट्टीत न जळलेली एक शिंपली,
नखाएवढी, कडेला अजून धार.
नकाशात शिंपलीची खूण नसते.
मी टिंब दिलं.

भिंती सामाईक.
चार नंबरचे रच्चा विणकर,
त्यांचा माग थांबून तीस वर्षं झाली.
पाच नंबरच्या कॅसिल्डाबाई
अजून पहाटे त्या न वाजलेल्या ठोक्यानं जाग्या होतात.
हे कुठल्या कागदावर घ्यायचं, ठाऊक नाही.
भिंतीची जाडी लिहिली : दीड फूट.

भरती आली. एकदाच.
बारा जुलै एकसष्ट, पानशेत फुटलं
आणि नागझरी उलटी वाहू लागली.
पाच पायऱ्या काही कामाला आल्या नाहीत,
पाणी खिडक्यांच्या तळाला लागलं.
मेस्त्री तोवर गेलेला,
नाहीतर कुणीतरी वेळ विचारलीच असती.
खिळे तेवढे गंजले नाहीत.

तीन नंबरच्या रुबी अष्टमकर
रंगाऱ्याला दर खेपेला बजावतात, फडताळाच्या आत हात लावू नकोस.
तिथं चिखलाची रेघ आहे.
मग ती मी सगळ्या घरांत शोधली,
कुठे कपाटामागे, कुठे देव्हाऱ्याच्या पाठीला,
एका ठिकाणी क्रूसाखाली.
जमिनी खचल्यात, तुळया झुकल्यात,
एकाही दाराला काटकोन उरलेला नाही.
रेघ मात्र पहिल्यापासून सातव्यापर्यंत
केसभर हललेली नाही.

तीच मी शून्य धरली.
पायऱ्या तिच्या खाली, कौलं तिच्या वर.
कागदाच्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे लिहिलं :
समुद्रसपाटीपासून पाचशे पंचावन्न मीटर.
लिहिताना पेन्सिल जराशी अडली.

निघताना रुबीबाई म्हणाल्या,
टेप हातात आहेच तर या खिडकीचं माप दे,
पडदा शिवायचाय.
रुंदी तीन फूट दोन इंच.
उंची?
जमिनीपर्यंत घे, म्हणाल्या, आणि वर चार बोटं जास्त.
सुती आहे. पहिल्या धुण्यात आटतं.